चिनी म्हणींची वही आणि लांबलेले एमबीबीएस

१२ जानेवारी २०२० रोजी मी चीनच्या शांतुंग प्रांतातून ग्वांगचौमार्गे मुंबईला उतरले आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरला घरी आले, तेव्हा माझ्या पाठपिशवीत चार जोड कपडे, शरीरक्रियाशास्त्राचे एक पुस्तक आणि चिनी लेखनाच्या सरावाची एक वही एवढेच सामान होते. वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी महिन्याभराची होती आणि परतीचे तिकीट १९ फेब्रुवारीचे काढलेले होते. वसतिगृहातील त्या खोलीत मी पुन्हा पाऊल ठेवले ते १ डिसेंबर २०२२ रोजी. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी माझ्यासारखी हजारो भारतीय मुले करोनाच्या त्या काळात आपापल्या घरी अडकून पडली होती. त्यांतील कित्येकांची कागदपत्रे, परीक्षा आणि इंटर्नशिपची घोडी आजही कुठे ना कुठे अडलेली आहेत. परदेशातून परत येऊन पुढची वाट शोधणारी नवी मुले मला वरचेवर विचारतात की एवढा काळ कसा काढला, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे. नियम सतत बदलतात, तेव्हा माझ्या तारखा आणि रकमा केवळ अंदाजासाठी घ्याव्यात.

त्या वहीबद्दल आधी सांगायला हवे. चिनी अक्षरे गिरवण्याच्या वहीत प्रत्येक चौकोनाच्या आत आणखी एक उभी आणि एक आडवी रेघ असते. ‘शेत’ या अर्थाचे चिनी अक्षर नेमके तसेच दिसते, त्यामुळे त्या चौकोनांना शेताच्या अक्षराचेच नाव आहे. भाषा शिकवणाऱ्या आमच्या लाओशृ, म्हणजे बाई, पहिल्या वर्षापासून दर शुक्रवारी एक ‘छंग-यू’ लिहायला देत. छंग-यू म्हणजे बहुधा चार अक्षरांत बसवलेला जुना वाक्प्रचार, ज्याच्या मागे एखादी गोष्ट किंवा जुन्या ग्रंथातील उतारा असतो. त्याशिवाय लोकांच्या तोंडच्या लांब म्हणी असतात, त्यांना ‘येन-यू’ म्हणतात. आम्हाला रुग्णांशी चिनी भाषेत बोलता यावे म्हणून हा विषय सक्तीचा होता आणि पहिली तीन सत्रे मी तो उत्तीर्ण होण्यापुरताच केला होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर ऑनलाइन वर्ग सुरू झाले. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे तिकडचा आठचा तास आमच्याकडे पहाटे साडेपाचला भरे. २६ मार्चला चीनने जाहीर केले की २८ मार्चपासून निवासी परवाना असलेल्या परदेशी नागरिकांनाही प्रवेश मिळणार नाही. इकडे २५ मार्चपासून आपला लॉकडाऊन सुरू झालेला होता. त्या शुक्रवारी लाओशृंनी आम्हाला ‘साय वंग शृ मा’ दिले. सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवतो, लोक हळहळतात, तो म्हणतो, ‘हे भाग्य नसेलच कशावरून?’ घोडा दुसऱ्या उमद्या घोड्याला घेऊन परततो, त्यावरून पडून मुलाचा पाय मोडतो आणि पाय मोडल्यामुळेच तो युद्धावर जाण्यापासून वाचतो. ही गोष्ट इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एका ग्रंथात आली आहे. मला तेव्हा तिचा रागच आला. परतीच्या तिकिटाचे पैसे बुडाले होते, खोलीत माझे सगळे सामान पडलेले होते आणि ही म्हण मला त्या नुकसानीत भाग्य शोधायला सांगत होती. आजही माझे मत असे आहे की घोडा नुकताच हरवलेल्या माणसाला ही गोष्ट सांगू नये. ती मागे वळून पाहताना कामी येते, आणि तीसुद्धा ज्याची त्यालाच सुचलेली बरी.

माझ्या उपयोगी पडलेली पहिली म्हण फारच साधी होती. ऑगस्ट २०२० मध्ये पुढील सत्रही ऑनलाइनच होणार हे कळल्यावर मी दोन आठवडे वर्गाला बसलेच नाही. हजेरीचा तक्ता पाहून लाओशृंनी मला खासगी संदेश पाठवला. त्यात ना चौकशी होती ना उपदेश, केवळ सहा अक्षरे होती: ‘बू फा मान, ज्यौ फा जान’. हळू चालण्याची भीती नको, भीती थांबण्याची. खाली त्यांनी लिहिले होते की ही सहा अक्षरे रोज एक ओळ लिहायची आणि छायाचित्र पाठवायचे. मी पाठवत गेले. एक ओळ लिहायला चार मिनिटे लागत, पण वही उघडली की शेजारी पुस्तकही उघडले जाई. हा उपाय दिसायला क्षुल्लक आहे, तरी मी तो आग्रहाने सांगते. वाट पाहण्याच्या काळात दिवसातील एक तरी काम असे असावे की ज्याची परवानगी कोणत्याही कार्यालयाकडून यावी लागत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये माझा निवासी परवाना संपला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला भारतातून जाणाऱ्यांसाठी चीनने वैध व्हिसा असलेल्यांचाही प्रवेश थांबवला. माझे चिनी सिमकार्डही याच सुमारास बंद पडले आणि त्याला जोडलेले बँकखाते व पैसे भरण्याची सोय दोन्ही गोठले. खात्यात ३,४०० युआन होते. ते मला दोन वर्षांनी, नवा क्रमांक घेऊन आणि पासपोर्ट घेऊन स्वतः शाखेत गेल्यावरच मिळाले. सुट्टीवर येणाऱ्यांनी तिकडचा मोबाइल क्रमांक चालू राहील एवढे रिचार्ज करूनच निघावे. विद्यापीठाने वसतिगृहाचे शुल्क माफ केले, मात्र ३०,००० युआनचे वार्षिक शिक्षणशुल्क पूर्ण घेतले. शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता उचलण्यासाठी बँकेला दर वर्षी ‘विद्यार्थिनी शिकत आहे’ असा दाखला लागे आणि तो मिळायला सरासरी पाच आठवडे लागत.

त्या हिवाळ्यात नातेवाइकांच्या गटात ‘चिनी भाषेत संकट आणि संधी यांना एकच शब्द आहे’ असा संदेश महिन्यातून दोनदा तरी फिरे आणि मी चीनमध्ये शिकते म्हणून तो मला आवर्जून पाठवला जाई. मी लाओशृंना विचारले. त्या म्हणाल्या की ‘वेइ-जी’ या शब्दातील ‘जी’चा अर्थ इथे संधी असा नसून निर्णायक क्षण असा आहे, म्हणजे पूर्ण शब्दाचा अर्थ गोष्टी बिघडू शकतील असा धोक्याचा क्षण एवढाच होतो. ‘तुम्हाला रंजक काळात जगायला मिळो’ हा तथाकथित चिनी शापही त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. त्यांच्याकडे खरी म्हण आहे ती अशी की धामधुमीच्या काळातला माणूस होण्यापेक्षा शांततेच्या काळातले कुत्रे होणे बरे. ही वाचून मला खूप बरे वाटले. आपल्याला जे कठीण वाटते ते खरोखर कठीणच आहे, हे कबूल करणारी म्हण निदान एक तरी होती.

एप्रिल २०२१ मध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, करोना झाला. ते सोलापुरात टॉवेल-चादरींच्या एका कारखान्यात सुताच्या गोदामाचा हिशेब पाहतात. खाट मिळायला दीड दिवस गेला, नऊ दिवस ऑक्सिजन लागला आणि बिल १,८५,००० रुपये झाले, त्यांपैकी मोठा भाग माझ्या पुढच्या वर्षाच्या शुल्कासाठी बाजूला काढलेला होता. मी वैद्यकाच्या तिसऱ्या वर्षात होते आणि त्या दिवसपर्यंत एकाही रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला नव्हता. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून मी लाओशृंना कळवले की पुढचे वर्ष बहुधा होणार नाही. उत्तरात त्यांनी ‘ल्यौ द छिंगशान त्साय, बू फा मेइ छाय शाओ’ ही म्हण पाठवली: हिरवा डोंगर शाबूत राहू दे, मग सरपणाची चिंता नाही. आपल्याकडे ‘शिर सलामत तर पगडी पचास’ म्हणतात, त्याच जातीची ही म्हण आहे. पण पगडी विकत आणावी लागते आणि सरपण डोंगरावर पुन्हा उगवते, हा फरक मला त्या पायऱ्यांवर फार मोठा वाटला. अण्णा हा डोंगर होता आणि शुल्क हे सरपण होते. तेवढा हिशेब मांडता आल्यावर मी घरी फोन करून आईला सांगितले की ठेव मोडू या.

अण्णा घरी आले, पण पुढचे तीन महिने त्यांना न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी धाप लागे आणि ते स्वतःवरच चिडत. तेव्हा वहीत पुढची म्हण आली: ‘बिंग लाय रू शान दाओ, बिंग छ्यू रू छौ सृ’. आजार येतो तो डोंगर कोसळावा तसा, जातो तो रेशमाचा धागा ओढावा तसा. मी ती त्यांना मराठीत वाचून दाखवली. अण्णांनी उशीला टेकून थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘रेशमाचं आपल्याला काय ठाऊक, आपण सुतातली माणसं. पण लडी सोडवताना घाई केली की गुंता होतो, हे बरोबर आहे.’ मग त्यांनी हाताने दाखवले की गुंता झाला की टोक ओढायचे नसते, दोन्ही हातांचे अंगठे लडीत घालून ती हलकेच झटकायची असते, की धागे आपसूक वेगळे होतात. त्या आजारपणात ते प्रथमच कामाबद्दल बोलले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणात दहा पावले, मग बारा पावले असे चालणे सुरू केले आणि कॅलेंडरवर आकडे लिहू लागले.

सगळ्याच म्हणी मी वहीत घेतल्या नाहीत. प्रात्यक्षिके होत नाहीत अशी तक्रार आम्ही काही जणांनी मिळून केली, तेव्हा विद्यापीठाच्या कचेरीतून उत्तर आले की कडूतले कडू जो खातो तोच माणसांच्या वर जातो. ही तिकडची अत्यंत लोकप्रिय म्हण आहे. मला ती आवडत नाही. एक तर कोणाच्या वर जाण्यासाठी मी डॉक्टर होत नव्हते, आणि दुसरे म्हणजे जो कडू वाढतो त्याने खाणाऱ्याला ही म्हण ऐकवू नये. ‘वो शिन छांग दान’ याबाबत मात्र माझे मन द्विधा आहे. युए राज्याचा राजा गोउज्येन पराभवानंतर सरपणावर झोपे आणि टांगून ठेवलेले पित्ताशय रोज चाटे, म्हणजे पराभवाची कडू चव विसरायला नको. सरपणाचा भाग पुढच्या काळात गोष्टीला जोडला गेला, मूळ इतिहासात पित्ताचाच उल्लेख आहे, असे लाओशृंनी सांगितले. मला पित्ताची गरज पडली नाही, कारण आईचा गुळवेलीचा काढा रोज सकाळी साडेपाचच्या तासाला समोर हजर असे.

८ फेब्रुवारी २०२२ रोजी भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची सूचना आली. चीनमध्ये प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना तिच्यात सावध केलेले होते आणि केवळ ऑनलाइन पद्धतीने केलेला वैद्यकीय अभ्यासक्रम मान्य नसल्याचे स्पष्ट म्हटले होते. त्या रात्री आमच्या वर्गातील तिघांनी शिक्षण सोडले. मी सोडले नाही याचे श्रेय धैर्याला देता येणार नाही. कर्ज एवढे झाले होते की सोडणे परवडत नव्हते. मार्चमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले असता आपल्या सरकारने विद्यार्थ्यांचा प्रश्न मांडला, २९ एप्रिलला बीजिंगमधील भारतीय दूतावासाने परत जाऊ इच्छिणाऱ्यांची माहिती मागवली आणि ८ मे ही अंतिम मुदत दिली. मी पहिल्याच दिवशी अर्ज भरला आणि त्यानंतर जवळपास चार महिने काहीही घडले नाही. अखेर २४ ऑगस्टपासून विद्यार्थ्यांना व्हिसा देणे सुरू होईल असे जाहीर झाले.

इथून पुढे सगळी लढाई कागदांची होती. जुन्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने दिलेला ‘परिसरात परतण्याचा दाखला’ लागे. माझा दाखला चार स्मरणपत्रांनंतर ७ ऑक्टोबरला आला आणि मुंबईतील व्हिसाच्या खिडकीवरून लगेच परतही आला, कारण पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे आणि दाखल्यावर ते गाळलेले होते. आपल्याकडच्या तीन पदरी नावांचा हा घोळ जवळपास प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. प्रवेश घेतानाच नाव पासपोर्टवर छापले आहे तसेच्या तसे, त्याच क्रमाने, सर्वत्र लिहिले जाईल याची खात्री करून घ्यावी. मी खिडकीसमोरून बाहेर आले, रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले आणि लाओशृंना छायाचित्र पाठवले. त्यांनी ‘हाओ शृ दुओ मो’ लिहिले, म्हणजे चांगल्या गोष्टीला पुष्कळ घासावे लागते, आणि त्याच दिवशी स्वतः कचेरीत जाऊन नवा दाखला काढून दिला. त्या दिवशी म्हण उपयोगी पडली असे मी म्हणणार नाही, बाईंचे पाय उपयोगी पडले. व्हिसा २८ ऑक्टोबरला मिळाला. सोलापूर-मुंबईच्या तीन फेऱ्या, राहणे, फी आणि छायाप्रती मिळून मला १४,६०० रुपये लागले.

थेट विमाने नव्हती. तिसऱ्या देशातून, दोनदा विमान बदलून जाणारे एकेरी तिकीट १,१२,००० रुपयांना मिळाले. प्रवासाआधीच्या ४८ तासांतील चाचणी, तिचा अहवाल चढवून मिळणारा हिरवा कोड, त्याची छापील प्रत, ही सर्व कामे विमानतळाच्या जमिनीवर बसून करावी लागली. २१ नोव्हेंबरला ग्वांगचौला उतरल्यावर पाच दिवस हॉटेलात विलगीकरण होते. जेवणासह दिवसाला ४२० युआन. खिडकी हाताच्या चार बोटांएवढीच उघडे. दाराबाहेरच्या स्टुलावर दिवसातून तीनदा जेवणाचा डबा ठेवला जाई आणि दार वाजवणारा माणूस मी दार उघडेपर्यंत निघून गेलेला असे. तिथे मी वहीत ‘जी लाय चर्, त्स आन चर्’ गिरवले. आज त्याचा अर्थ ‘आलोच आहोत तर आता स्वस्थ राहावे’ असा घेतात. कन्फ्यूशियसचे मूळ वचन मात्र राज्यकर्त्यांना उद्देशून आहे: दूरच्या लोकांना आपल्याकडे आणलेत, तर त्यांना स्वस्थता द्या. म्हणजे मूळ जबाबदारी पाहुण्याची नसून यजमानाची होती. हे कळल्यावर त्या खोलीत मला एकटीलाच हसू आले.

विद्यापीठातील आणखी तीन दिवसांच्या विलगीकरणानंतर १ डिसेंबरला खोली मिळाली. माझे सामान एका विणलेल्या पोत्यात भरून तळघरात ठेवलेले होते, पुस्तकांना बुरशी आली होती आणि रजईला उंदरांनी भोक पाडले होते. आठवड्याभरात देशभरातील निर्बंध सैल झाले आणि नाताळच्या आसपास संपूर्ण मजला तापाने फणफणला, मीही. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना तिकडे ‘आयी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ मावशी असला तरी तापात तो कानाला आपल्या ‘आई’सारखाच लागे. त्या आयींनी माझ्या दाराशी काचेच्या बरणीतील पिवळे पीच ठेवले. त्या महिन्यात दुकानांतून असे पीच दिसेनासे झाले होते, कारण पीचला ‘थाओ’ म्हणतात आणि सुटून जाणे यालाही ‘थाओ’च म्हणतात. औषध म्हणून त्याला काही अर्थ नाही हे मला आणि बहुधा त्यांनाही माहीत होते. थंडगार पाक घशाखाली उतरला तेव्हा बरे वाटले, एवढे मात्र खरे.

आल्यापासून चोवीस तासांत पोलीस ठाण्यात निवासाची नोंद आणि तीस दिवसांत निवासी परवाना ही दोन कामे चुकवू नयेत. वैद्यकीय तपासणी नव्याने करावी लागली. एका वर्षाच्या परवान्याला ४०० युआन पडले आणि परवाना होईपर्यंत पासपोर्ट कार्यालयातच राहिला. तेव्हा मिळणाऱ्या पावतीवर देशांतर्गत रेल्वेप्रवास करता येतो, म्हणून ती जपावी.

५ एप्रिल २०२३ रोजी छिंगमिंगची सुट्टी होती. त्या दिवशी तिकडचे लोक पूर्वजांच्या समाध्या स्वच्छ करतात. मी जलदगती रेल्वेने श-ज्या-च्वांगला जाऊन तेथील हुतात्मा स्मारकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीचे दर्शन घेतले. सोलापूरच्या मुलाला हे नाव सांगावे लागत नाही. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले, ‘ख दी-ह्वा’ या नावाने तिथलेच झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. समाधीपुढे पांढरी शेवंती ठेवणाऱ्या एका आजोबांना मी सांगितले की मीही त्याच गावची आहे. त्यांनी आपल्या हातातील अर्धी फुले माझ्या हातात दिली.

मे महिन्यात मी भाषेची चौथ्या स्तराची परीक्षा दिली. शुल्क ४५० युआन, बाराशे शब्द, ३०० पैकी १८० गुणांना उत्तीर्ण. पण भाषा खरोखर उपयोगी पडली ती त्या वर्षीच्या शरद ऋतूत, मेंदूविकारांच्या वॉर्डात. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा शेंगांची पिशवी उशाशी ठेवून जाई आणि आजी व्यायाम म्हणून अधू हाताने एकेक शेंग सोलत बसत. त्यांची शांतुंगची बोली मला निम्मीच कळे. एका सकाळी मी नाडी पाहत असताना त्यांच्या बोटांतून शेंग तिसऱ्यांदा निसटली. त्या छताकडे पाहून म्हणाल्या, ‘बिंग लाय रू शान दाओ...’ आणि थांबल्या. चिनी माणसे पुष्कळदा म्हणीचा अर्धाच भाग बोलतात आणि उरलेला समोरच्याने पुरा करावा अशी अपेक्षा असते. मी म्हणाले, ‘बिंग छ्यू रू छौ सृ.’ शेजारच्या खाटेवरच्या बाई मोठ्याने हसल्या, आजींनी मला डाव्या हाताने एक शेंग दिली आणि त्यानंतर तपासणीला आलेल्या परदेशी मुलांच्या घोळक्यातून त्या मला खुणेने पुढे बोलावू लागल्या. ऑनलाइन वर्षांत बुडालेली प्रात्यक्षिके विद्यापीठाने सुट्ट्यांमध्ये भरून घेतली. त्याचा तारीखवार, शिक्का मारलेला स्वतंत्र दाखला आवर्जून मागून घ्यावा, कारण भारतात पदवीइतकीच त्याचीही विचारणा होते.

जून २०२४ मध्ये पदवी मिळाली, पण तिचे नोटरीकरण, चिनी परराष्ट्र कार्यालयाचा शिक्का आणि मग आपल्या दूतावासाचे साक्षांकन यांत उन्हाळा गेला. १२ जानेवारी २०२५ रोजी परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा दिली. शुल्क ६,१९५ रुपये, तीनशे प्रश्न, उत्तीर्ण होण्यास दीडशे गुण. मला १३८ मिळाले. या परीक्षेत साधारण पाचांतील एक जण उत्तीर्ण होतो, हे आधी ठाऊक असूनही निकालानंतर मी चार दिवस कोणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी वहीत ‘बू फा मान’ची ओळ लिहिली आणि छायाचित्र पाठवले. लाओशृंनी या वेळी ‘मो दाओ बू वू खान छाय गोंग’ अशी नवी म्हण दिली: कोयत्याला धार लावण्यात गेलेला वेळ लाकूडतोडीतून वजा होत नाही. त्यांच्या म्हणींत डोंगर, सरपण आणि कोयता एवढे वारंवार का येतात, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘थंडी असते.’ मी चुकलेल्या विषयांची यादी केली. सामाजिक वैद्यकशास्त्र हा विषय तिकडे फारच वेगळा शिकवला जातो आणि माझे सर्वाधिक गुण तिथेच गेले होते, तेव्हा पुढचे पाच महिने त्याला दिले. २६ जुलैला पुन्हा परीक्षा दिली आणि ऑगस्टमध्ये उत्तीर्ण झाल्याचे कळले. त्यानंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील तात्पुरती नोंदणी आणि इंटर्नशिपच्या जागेची प्रतीक्षा यांत आणखी काही आठवडे गेले. सध्या मी सोलापुरातच इंटर्नशिप करते आहे आणि कर्जफेडीचा पहिला हप्ता गेला आहे.

या जानेवारीत लाओशृंचा संदेश आला की इतकी वर्षे मीच पाठवत आले, आता तुमच्या भाषेतील एक म्हण तू पाठव. मी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ देवनागरीत लिहून, अर्थ सांगून पाठवले. त्यांनी लगेच ‘श्वेइ दी शृ छ्वान’ लिहिले: थेंबा थेंबाने दगडाला भोक पडते. तुमचा थेंब साचतो आणि आमचा भोक पाडतो, यावर आमची थोडी गंमत झाली. मग त्यांनी विचारले, ‘तुमचे तळे केवढे असते?’ सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती. संध्याकाळी वॉर्डातून सुटल्यावर मी गर्दीतून वाट काढत सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी गेले आणि पाण्यात उजळलेल्या देवळाचे छायाचित्र काढून त्यांना पाठवले.